सासूबाई येणार असतील तर झरमॅट

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही पाच जण. नवरा फार पूर्वी दोन हिवाळे स्कीइंग शिकला आहे. मी आणि मुलं (वय ८ आणि १३) पहिल्यांदाच बर्फावर उभे राहणार. सासूबाई ६७ वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी चालू आहे, चालतात व्यवस्थित, पण स्की करणार नाहीत. सात रात्री हातात आहेत. नवऱ्याला फ्रान्समधलं व्हाल तोरांस हवं आहे, कारण तिथे ६०० किलोमीटरचे उतार मिळतात. मला स्वित्झर्लंडमधलं झरमॅट हवं आहे, कारण मॅटरहॉर्न शिखर. फेब्रुवारीचा मध्य की मार्चचा शेवट, हेही ठरत नाहीये."

झरमॅट घ्या, आणि मार्चमध्ये जा. सासूबाई येणार नसत्या तर मी याच्या बरोबर उलट सांगितलं असतं. आल्प्समध्ये नवशिक्यांना शिकवण्यात माझे बारा हिवाळे गेले, त्यातले दोन व्हाल तोरांसमध्ये. त्या जागेवर माझा राग नाही, उलट नवशिक्यासाठी ती झरमॅटपेक्षा सोपी आहे असंच माझं मत आहे.

आधी ते ६०० किलोमीटर बाजूला ठेवू. आकडा खरा आहे. त्रुआ व्हाले, म्हणजे 'तीन दऱ्या', हा कुर्शव्हेल, मेरिबेल, ले मेन्युइर, व्हाल तोरांस वगैरे गावांना लिफ्टने जोडणारा प्रचंड पसारा आहे, आणि झरमॅटचे उतार इटलीकडचे धरूनही ३६० किलोमीटरच भरतात. पण पहिल्या आठवड्यात माणूस करतो काय? पहिले दोन दिवस स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून, पाचरीसारखा आकार करून थांबायला शिकण्यात जातात. तिसऱ्या दिवशी चेअरलिफ्टवर बसायची आणि उतरायची भीती मोडते. पाचव्या-सहाव्या दिवशी निळ्या, म्हणजे सोप्या, उतारावर वरपासून खालपर्यंत न पडता येता आलं तर आठवडा सोन्याचा. त्यात तेच तीन-चार उतार तुम्ही वीस-वीस वेळा उतरता. तुमचे यजमानसुद्धा इतक्या वर्षांच्या खंडानंतर पहिले दोन दिवस पाय आठवण्यातच घालवतील. त्यामुळे व्हाल तोरांसला गेलातच तर तीन दऱ्यांचा पूर्ण लिफ्ट-पास घेऊ नका. व्हाल तोरांस आणि शेजारच्या ओरेलचा स्वतंत्र पास मिळतो, त्यात सुमारे १५० किलोमीटर आहेत, आणि तेही तुम्हाला पुरून उरतील.

आता व्हाल तोरांसची खरी बाजू. गाव २३०० मीटरवर वसलंय, युरोपातलं सगळ्यात उंचावरचं स्की गाव. आणि ते स्कीसाठीच बांधलेलं आहे. इमारतीचं दार उघडलं की बर्फ, बर्फावरून सरळ लिफ्ट. मुलांना स्की स्कूलला सोडायचं तर जड बूट घालून फार तर पाच मिनिटं चालावं लागतं. सोप्या हिरव्या पट्ट्या गावालगतच आहेत. फ्रान्समध्ये उतारांचे सोप्यापासून अवघडपर्यंत चार रंग असतात, हिरवा, निळा, लाल, काळा, आणि तो सगळ्यात खालचा हिरवा रंग पहिल्यांदा येणाऱ्यासाठी वरदान आहे. स्वित्झर्लंडमध्ये हिरवा नसतोच, निळ्यापासून सुरुवात. त्यातून झरमॅटचा मोठा भाग लाल. म्हणजे तिथे 'निळा' पाहून निघालेला नवशिका मध्येच एखाद्या अरुंद किंवा तीव्र वळणावर अडकतो, आणि मग बाजूला बसून रडणारी मोठी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. शिवाय व्हाल तोरांसमध्ये स्वयंपाकघर असलेले फ्लॅट भरपूर असतात, त्यामुळे पाच जणांचा खर्च आटोक्यात राहतो. (एक सावधगिरी: फ्रेंच जाहिरातीतलं 'सहा जणांसाठी' म्हणजे बहुतेकदा दोन जण बैठकीतल्या सोफ्यावर आणि दोन जण दाराजवळच्या बोळातल्या दुमजली पलंगावर. पाच जण असाल तर सात-आठ जणांचा फ्लॅट बघा.)

इतकं सगळं असून मी तुम्हाला तिथे पाठवत नाही, त्याचं पहिलं कारण उंची. तुम्ही सगळे समुद्रसपाटीच्या जवळपासून विमानाने येणार आणि त्याच रात्री २३०० मीटरवर झोपणार. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश असतो. धडधाकट माणसाला यात धोका असा नाही, पण पहिल्या दोन रात्री झोप तुटते, डोकं जड राहतं, जिना चढताना दम लागतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी नऊ नवशिक्यांचा गट असाच उंचावरच्या गावात नेला होता. सकाळी विमान, संध्याकाळी मुक्काम, रात्री आगमनाची पार्टी. दुसऱ्या दिवशी वर्गात चार जण बर्फावर बसून होते, एकाला उलट्या. चूक माझी होती. पहिली संध्याकाळ पाणी, साधं जेवण आणि लवकर झोप एवढंच ठेवायचं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना तर उंचीचा त्रास झाला म्हणून दिवसा खाली जाऊन येण्याची सोयही तिथे सहज नाही. झरमॅट गाव १६०० मीटरच्या थोडं वर आहे. ७०० मीटर हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, रात्री तीन वाजता दिसत नाही.

दुसरं कारण झाडं. व्हाल तोरांस झाडांच्या वरच्या मर्यादेच्याही वर आहे; तिथे एकही झाड नाही. ऊन असताना याचं सौंदर्य वेगळंच. पण ढग उतरला आणि बर्फ पडू लागला की उजेड सपाट होतो. सावलीच उरत नाही, त्यामुळे पुढे उतार आहे की चढ, खड्डा आहे की सपाट, डोळ्याला कळत नाही. मी स्वतः उभा असताना चालतोय असं वाटून पडलो आहे. अनुभवी माणूस अशा दिवशी कडेच्या खांबांवर नजर ठेवून उतरतो. नवशिक्याला तेही जमत नाही, तो घाबरतो, मागे रेलतो आणि पडतो. झरमॅटचे वरचे उतार अशा दिवशी तितकेच वाईट, हे कबूल. पण खालच्या टप्प्यात लार्च आणि पाइनची झाडं आहेत. त्यांच्या काळ्या रेषांमुळे डोळ्यांना आधार मिळतो. आणि काहीच जमलं नाही तरी तिथे खाली एक खरं गाव आहे.

तिसरं कारण मात्र निर्णायक आहे.

झरमॅटमध्ये गावातून एक भुयारी रेल्वे, फ्युनिक्युलर, साधारण पाच मिनिटांत सुनेगाला नेते, २२८८ मीटरवर. तिथे वर गच्चीसारखं रेस्टॉरंट आहे, समोर पूर्ण मॅटरहॉर्न, आणि खाली लायझे नावाच्या छोट्या तळ्याजवळ नवशिक्यांची आणि मुलांची जागा. वरच्या स्टेशनपासून त्या जागेपर्यंत उतरायला-चढायला एक छोटी लिफ्टसुद्धा आहे. सासूबाई स्की बूट न घालता, बर्फावरून घसरायची भीती न बाळगता तिथपर्यंत येऊ शकतात, उन्हात बसू शकतात, आणि नातू कितव्यांदा पडला ते मोजू शकतात. यजमानांना सुनेगावरूनच गंडोलाने ब्लाउहेर्ड आणि पुढे रोपवेने रोटहॉर्न गाठता येतं, ३१०३ मीटर, भरपूर लांब लाल उतार. दुपारी एक वाजता पाचही जण एका टेबलावर. कुटुंबाच्या सहलीत मी एवढंच बघतो: जो सगळ्यात कमी करू शकतो तो आणि जो सगळ्यात जास्त करू शकतो तो, दिवसा एकमेकांना भेटतात का. व्हाल तोरांसमध्ये स्की न करणाऱ्यासाठी पेक्ले लिफ्टवरून निघणारी ६ किलोमीटरची स्लेज आहे, सीम कारोंच्या ३२०० मीटरच्या शिखरावर रोपवेने जाता येतं, पोहायचा तलाव आहे. तिसऱ्या दिवशी हे संपतं. उरलेले चार दिवस आजी फ्लॅटमध्ये बसून पाचाच्या चहाला तुमची वाट बघणार.

झरमॅटमध्ये त्यांचे दिवस असे भरतील. एक दिवस गोर्नरग्राटची रेल्वे: १८९८ पासून चालू आहे, विजेवर चालणारी स्वित्झर्लंडमधली पहिली दातेरी रेल्वे, अर्ध्या तासात ३०८९ मीटरवर नेते. वर ४००० मीटरवरची २९ शिखरं दिसतात. डावीकडे की उजवीकडे बसायचं यावर लोक वाद घालतात. वर जाताना उजवीकडे बसा. एक दिवस गावातलं संग्रहालय, जिथे १८६५ च्या मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईत तुटलेला दोर ठेवला आहे. सात जण वर पोचले, उतरताना चौघे कोसळले, आणि तो दोर पातळ का निवडला यावर तेव्हापासून चर्चा चालू आहे. जवळच गिर्यारोहकांची दफनभूमी. हिवाळ्यातल्या पायवाटा गावाभोवती आखून, बर्फ दाबून ठेवलेल्या असतात. आणि गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या नाहीत, फक्त विजेवर चालणारी ठोकळ्यासारखी वाहनं, त्यामुळे त्यांना एकट्याने हिंडायला सोडायला हरकत नाही. फक्त ती वाहनं आवाज न करता मागून येतात, एवढं सांगून ठेवा.

क्लाइन मॅटरहॉर्नबद्दल मात्र थांबून लिहितो. ३८८३ मीटरवरचं हे रोपवे स्टेशन युरोपातलं सगळ्यात उंच. गावातून निघून तासाभरात माणूस तिथे पोचतो, आणि हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या साधारण ६२ टक्केच. फोटो सगळ्यांना हवा असतो. सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारून घ्या, त्यांनी होकार दिला तरी पाचव्या दिवसाआधी नेऊ नका, आणि अर्ध्या-पाऊण तासात खाली आणा. डॉक्टर नको म्हणाले तर गोर्नरग्राट पुरे. मॅटरहॉर्न तिथूनच जास्त देखणा दिसतो. क्लाइन मॅटरहॉर्नवरून तो इतका जवळ आणि इतक्या आडव्या कोनातून दिसतो की ओळखूच येत नाही.

आता झरमॅटचे त्रास, कारण ते आहेत. पहिला म्हणजे सामान वाहणं. नवशिक्यांची जागा गावात नाही, वर डोंगरावर आहे. हॉटेल गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर रोज सकाळी स्की खांद्यावर, बूट पायात, मुलाचा एक हातमोजा हरवलेला, आणि बस गच्च. म्हणून हॉटेल स्वस्त बघण्याआधी जागा बघा: रेल्वे स्टेशन आणि सुनेगाचं भुयार यांच्या दहा मिनिटांत. शिवाय लिफ्टजवळ स्की आणि बूट रात्री ठेवायचे लॉकर भाड्याने मिळतात. ते घ्याच. साध्या बुटांत चालत जाणं आणि स्की बुटांत चालत जाणं यात आठ वर्षांच्या मुलाच्या मूडचा फरक असतो.

दुसरा त्रास संध्याकाळचा. चारनंतर सगळे एकाच वेळी गावाकडे उतरतात. गावात येणाऱ्या शेवटच्या पट्ट्या अरुंद, दिवसभरात घासून बर्फाच्या काचा झालेल्या, आणि दमलेल्या लोकांनी भरलेल्या. तिथे उतरू नका. लिफ्टने खाली येण्यात काहीही कमीपणा नाही. सुनेगाचं भुयार पाच मिनिटांत गावात सोडतं. मी शिकवलेल्या लोकांचे जे मोडलेले मनगट-गुडघे आठवतात, ते बहुतेक 'आता शेवटची एक फेरी' याच वेळचे.

तिसरा, पैसा. झरमॅटला राहणं-खाणं फ्रँकमध्ये आणि सरसकट महाग. याला एक उतारा आहे: झरमॅटमध्ये ९ वर्षांखालच्या मुलांना लिफ्टचा पास मोफत मिळत आला आहे, म्हणजे धाकट्याचा खर्च वाचतो. बुकिंगच्या दिवशी ही सवलत चालू आहे ना, ते पाहून घ्या. इटलीकडचा भाग जोडलेला आंतरराष्ट्रीय पास तुम्हाला नको. यजमानांना एक दिवस पलीकडे जायचं असेल तर त्या दिवसापुरती वाढ घेता येते.

आणि हो, तो पलीकडचा भाग. मॅटरहॉर्नच्या पाठीमागे इटलीतलं चेर्विनिया आहे, २०५० मीटरवर. तोच डोंगर तिथे मोंते चेर्विनो होतो. उतार रुंद, सोपे, उन्हाकडचे, जेवण स्वस्त आणि चांगलं. खर्चाचं गणित अगदीच बसत नसेल तर नवशिक्या कुटुंबाला मी चेर्विनियाचंच नाव सुचवीन. तुमच्या दोन पर्यायांत ते नव्हतं म्हणून आधी बोललो नाही. यजमान झरमॅटहून तिकडे गेले तर तीन गोष्टी. पासपोर्ट खिशात हवा. इटलीत २०२२ पासून स्की करणाऱ्याकडे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा असणं सक्तीचं आहे. आणि परतीची शेवटची लिफ्ट किती वाजता, हे सकाळीच बघून ठेवायचं. वारा वाढला की खिंडीवरच्या लिफ्ट बंद होतात, वेळापत्रक काहीही असो. माझे दोन विद्यार्थी एका दुपारी 'आणखी एक कॉफी' म्हणून तिकडे राहिले आणि रात्र त्यांनी ओल्या मोज्यांसह इटलीत काढली. रस्त्याने वळसा घालून यायचं म्हणजे कित्येक तास आणि टॅक्सीचं बिल वेगळं.

तारखांबद्दल. फेब्रुवारीचा मध्य टाळा. फ्रान्समधल्या शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत पाळीपाळीने पडतात आणि साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत चार आठवडे चालतात. त्या काळात फ्रेंच गावांत मुक्काम बहुतेक शनिवार ते शनिवारच विकला जातो, आणि खाली दरीतल्या मूतिए गावापासून वर जाणाऱ्या रस्त्यावर शनिवारी गाड्यांची रांग लागते. झरमॅटलाही तेव्हा गर्दी असते. थंडीही जास्त, चेअरलिफ्टवर वाऱ्यात दहा मिनिटं बसलेलं मूल स्की शिकत नाही, फक्त कुडकुडतं. मार्चच्या शेवटी दिवस मोठा, ऊन उबदार, आणि दोन्ही जागा इतक्या उंच की बर्फाची काळजी नाही. सूर्याकडच्या उतारांवर दोननंतर बर्फ भिजून जड होतो, म्हणून वर्ग सकाळचा घ्या. ईस्टर त्या आठवड्यात येत असेल तर आठवडाभर आधी जा.

पोचायला झरमॅट सोपं आहे. जिनिव्हा किंवा झुरिक विमानतळावरून थेट रेल्वेने फिस्प स्टेशन, तिथे एकदा गाडी बदलायची, आणि चार तासांच्या आत तुम्ही गावात. भाड्याची गाडी घेऊ नका. ती तशीही पाच किलोमीटर आधी टेश गावात ठेवून शटल रेल्वे घ्यावी लागते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जानेवारी २०१८ मध्ये हिमस्खलनाच्या धोक्यामुळे झरमॅटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाले आणि सुमारे १३,००० पर्यटक अडकले होते. मार्चअखेर अशी वेळ क्वचित येते, पण परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र खाली दरीत किंवा जिनिव्हात काढा. सात रात्रींतली सहा झरमॅटला ठेवा.

विमा घेताना 'हिवाळी खेळ' आणि 'डोंगरावरची सुटका' हे शब्द कागदावर छापलेले आहेत का, ते वाचा. दोन्ही देशांत उतारावरून उचलून नेण्याचा खर्च तुमच्या माथी येतो, आणि झरमॅटला तो बऱ्याचदा हेलिकॉप्टरचा असतो.

यजमानांची समजूत काढायला एक गोष्ट उपयोगी पडेल. मोठा मुलगा तेराव्या वर्षी शिकायला लागला तर दोन हिवाळ्यांत तो वडिलांच्या पुढे जाईल. त्या वर्षी दोघांनीच व्हाल तोरांसला जावं, पूर्ण तीन दऱ्यांचा पास घेऊन. यंदा त्यांच्यासाठी सकाळचे तीन तास रोटहॉर्नवर मोकळे ठेवा, बाराला त्यांनी सुनेगाला परत यायचं.

स्कीचे बूट तुम्ही पोचाल त्या संध्याकाळीच घ्या, सकाळी दुकानात अर्धा गाव उभा असतो. मोजा एकच आणि पातळ. दोन जाड मोजे घातले की पाय आत सरकतो, बोटं उलट गार पडतात. उभं राहिल्यावर बोटं पुढे निसटती टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर मागे सुटली पाहिजेत, आणि टाच जरासुद्धा उचलली जाता कामा नये. धाकटा 'छान आहे' म्हणेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दुकानातच पाच मिनिटं चालायला लावा.